जीपच्या पलीकडं टांगलेला बाटला

कोल्हापुरात फायर एक्स्टिंग्विशर, म्हणजे आग विझवायचे बाटले, भरण्याचं आणि तपासण्याचं माझं काम आहे. फेऱ्या बहुतेक उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत. घरगुती गिऱ्हाईक क्वचित. त्यामुळं त्या दिवशी एका बंगल्यातून "बाटला रिकामा झालाय, भरून द्या" असा फोन आला तेव्हा मी विचारलं, "रिकामा कशानं झाला?" पलीकडून उत्तर आलं, "काल वापरला." मग बाटला दुकानात मागवायच्या ऐवजी मीच गेलो. आग कुठं लागली, कशी विझवली हे जागेवरच कळतं.

बंगल्याचे मालक, काका, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. गॅरेज म्हणजे बंगल्याला लागून काढलेली पत्र्याची शेड, दार एकच, ते शटरचं. आत जुनी पेट्रोल जीप, तोंड भिंतीकडं. आदल्या दिवशी ते ड्रायव्हरच्या सीटखालची टाकी साफ करायला बसले होते. पावसाची झड आत येत होती म्हणून शटर कमरेपर्यंत ओढलेलं. पेट्रोल पाइपनं एका कापलेल्या कॅनमध्ये सोडलेलं आणि उजेडाला शेजारी जमिनीवर हँडलॅम्प, साध्या पिवळ्या बल्बचा. पाइप निसटला, तापलेल्या काचेवर पेट्रोल उडालं, बल्ब तडकला. पुढचं सांगायला नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती फरशीवरच पसरते. वारा बंद असला की तिथंच साठते. शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळं पावसाळी गारव्याचा त्यावर काही परिणाम नाही.

मी आधी बाटल्यातून उडालेली पावडर बघितली. भिंतीवर छातीच्या उंचीला जाड थर, सीटवर, कॅनव्हासच्या हुडावर. खाली कॅनजवळ अगदी विरळ. म्हणजे पहिला फवारा ज्वाळेच्या शेंड्यावर गेला होता. कॅनच्या मागं फरशीवर एक लांब काळा पट्टा होता. "काका, फार जवळून मारला का?" ते म्हणाले, "हो, पहिल्या झटक्यालाच भडका मागं गेला." जवळून मारलेल्या फवाऱ्याचा जोर एवढा असतो की पेट्रोलच उडून पुढं पसरतं. दोन-तीन मीटरवरून, आगीच्या बुडाशी, अलीकडच्या कडेपासून डावीकडं-उजवीकडं फिरवत न्यायचं असतं.

तरीही आग विझली होती, हे महत्त्वाचं. एक किलोचा बाटला, आठ-दहा सेकंदांत संपतो, तेवढ्यात विझली. काकांनी बाटला खाली ठेवला, कॅन सरकवायला वाकले आणि ती पुन्हा पेटली. पावडर ज्वाळा मारते, पण तापलेला पत्रा थंड करत नाही. पेट्रोल तिथंच असतं, वाफ येतच राहते, कुठंतरी कॅनव्हासची कड धुमसत असते. हात भाजला तो या दुसऱ्या वेळी.

आणि हे सगळं घडत होतं तेव्हा सहा किलोचा भरलेला बाटला शेडमध्येच होता. मागच्या भिंतीवर, जीपच्या तोंडापुढं. मी जाऊन बघितलं: प्रेशरचा काटा हिरव्यात, पिन जागेवर, सील शाबूत. काका आणि तो बाटला यांच्या मध्ये आग. त्याच्याकडं बघून माझ्या पोटात कालवलं. माणूस त्याच्यासाठी आत शिरला असता तर?

ते शिरले नाहीत, शटरखालून बाहेर आले. काकूंनी तोवर मेन स्विच पाडून १०१ ला फोन लावला होता. समोर बांधकाम चालू होतं, तिथले गवंडी घमेल्यांनी वाळू घेऊन धावले. पाणी कुणी मारलं नाही, हे नशीब. पेट्रोल पाण्यावर तरंगत दारापर्यंत आलं असतं. बंब आला तेव्हा वाळूखाली धूर तेवढा उरला होता.

मी मागच्या भिंतीवरचा ब्रॅकेट काढून शटरच्या शेजारी ठोकला. काकूंनी विचारलं, "पण ते आत काम करत असले तर?" म्हटलं, "आधी बाहेर यायचं. दाराशी बाटला हाताला लागेल. आग लहान वाटली तरच पाठ दाराकडं ठेवून मारायचं, नाहीतर लांब व्हायचं."

काकांना आता सीओटूच, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचा बाटला, हवा होता. पावडर दमट झाली की अॅल्युमिनियम आणि वायरिंग खाते, कार्बोरेटरमध्ये गेलेली त्यांनी बघितलीच होती. त्यांचं खरं होतं. वायरिंगच्या आगीला दोन किलोचा सीओटू ठेवा म्हटलं, पण पेट्रोलला पावडरच. सीओटू वाऱ्यानं उडून जातो, बंद शेडमध्ये माणसाचा श्वास कोंडतो. शिवाय त्याला काटा नसतो, वजन करूनच कळतं. आतला गॅस दहा टक्क्यांनी घटला की भरून घ्यायचा. गाडीखाली काम करायला खड्डा खणायचा त्यांचा बेत होता. तो मी हात जोडून सोडायला लावला. वाफ पहिल्यांदा तिथंच उतरते.

सहा किलोच्या बाटल्याची तीन वर्षांची प्रेशर टेस्ट राहून गेली होती. त्यासाठी रिकामा करावाच लागणार होता, म्हणून तो अंगणात घेतला. पाऊस थांबला होता. लोखंडी ट्रेमध्ये पाणी, वर थोडं पेट्रोल, लांबून पेटवलं. काकांचा हात पट्टीत, म्हणून बाटला काकूंच्या हातात दिला. "वाऱ्याला पाठ करा. पिन ओढा. बुडाशी." पहिल्यांदा त्यांनी नोझल वर धरला, मग खाली आणला, फिरवला. आग गेली. मी म्हटलं, "आता हलायचं नाही, तसंच रोखून धरा." पाणी घातलेल्या ट्रेत ती सहसा परत पेटत नाही, पण सवय लागावी म्हणून त्यांना चांगला मिनिटभर उभं केलं.

"अजून अर्धी पावडर असेल की," काकू म्हणाल्या, "पुढच्या वेळी चालेल?" चालत नाही. एकदा दाबलं की पावडरचे कण व्हॉल्व्हच्या सीटवर अडकतात, प्रेशर हळूहळू निघून जातं; थोडा वापरला तरी भरूनच घ्यायचा. दोन्ही बाटले मी गाडीत टाकले आणि ते परत येईपर्यंत माझ्याकडचा भरलेला एक शटरजवळच्या ब्रॅकेटवर लावून दिला.