२४ ऑगस्टचा फळा

आज जळगावात वाचनालयाच्या फळ्यावर दिनविशेष लिहिला. राजगुरूंचा जन्म १९०८, रा. गो. भांडारकरांचं निधन १९२५, इथवर खडू अडला नाही. अडला तो आपल्या घरच्याच माणसापाशी.

आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी. त्यांचा जन्म ‘२४ ऑगस्ट १८८०, नागपंचमी’ असा एका दमात छापतात. पण हे दोन्ही एकत्र बसतच नाही! नागपंचमी म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी, पौर्णिमेच्या दहा दिवस आधी. त्या वर्षी श्रावणी पौर्णिमा २० ऑगस्टच्या आसपास होती, म्हणजे २४ ला वद्य पक्ष लागलेला. पंचमी येते १०-११ ऑगस्टला, आणि काही ठिकाणी ११ ऑगस्ट छापलेलं सापडतंही. घरच्यांच्या लक्षात सण राहतो, तारीख नंतर कुणीतरी बसवतं; घोळ तिथेच होतो. म्हणून आधी तिथी बघायची, मग त्याच सालचं पंचांग. चालू वर्षाचं कॅलेंडर उघडलं की फसलात.

इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा ७९ सालचा उद्रेकही याच तारखेला लिहितात. त्यात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातल्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरमधली तारीख सापडल्यापासून तीही डळमळीत झालीय. तो पुसलाच.

बहिणाबाईंपुढे ‘नागपंचमी, १८८०’ एवढंच ठेवलं.