तुम्ही विचारलंत म्हणून: लाल पेटीबद्दल

सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. पंपाचे आणि मोटरचे ओतीव भाग आम्ही टर्निंग करून, म्हणजे मशीनवर फिरवून मापात कापून देतो. माणसं पस्तीसेक. गेल्या बारा-पंधरा वर्षांत आमचा मुख्य माल तीनदा बदलला. म्हणून आजूबाजूच्या शेडमधली, वडिलांच्या धंद्यात नव्यानं उतरलेली पोरं मला हटकून विचारतात, "वहिनी, तुमच्याकडं सारखं काहीतरी नवं चालू असतं. माणसं तयार कशी होतात? आमच्याकडं बदल म्हटला की सगळे गप्प."

गेटवर उभ्या उभ्या मी काहीतरी सांगते आणि ते अर्धवट राहतं. आज नीट सांगते.

माणसं गप्प का बसतात, तिथूनच सुरुवात करा. मला ते आमच्याच शेडमध्ये कळलं, आणि गप्प करणारी मीच होते.

नापास झालेला जॉब, म्हणजे बिघडलेला भाग, टाकायला आमच्याकडं लाल पेटी असते. 2014 च्या उन्हाळ्यात एका ऑपरेटरचे एका पाळीत अकरा इम्पेलर, म्हणजे पंपात पाणी ढकलणारी चाकं, बिघडले. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "घरचा माल असता तर असा टाकला असतास का?" तो माझ्यापेक्षा वयानं मोठा. मान खाली घातली, सुताच्या वेस्टनं हात पुसले आणि मशीनवर जाऊन उभा राहिला. पुढच्या आठवड्यापासून पेटी हलकी व्हायला लागली. महिन्याभरात तर दिवसाला एखादाच जॉब. बोललेलं लागू पडलं असं मला वाटलं. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या आप्पांना, मी तो आकडा कौतुकानं दाखवला होता.

दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाइकाकडून अख्खा लॉट परत आला. त्याच आठवड्यात सणाची साफसफाई करताना मागच्या भिंतीला, कापलेल्या लोखंडाच्या चिप्सच्या ढिगाखाली तेवीस इम्पेलर सापडले. नीट रचून, वर पोतं टाकून ठेवलेले. एकेक उचलून बघितला. जवळजवळ प्रत्येकाला हबच्या, म्हणजे मधल्या जाड भागाच्या, त्याच बाजूला ब्लोहोल, ओतताना हवा अडकून राहिलेलं भोक. टर्निंग करताना वरची कातडी निघाली की आतलं भोक उघडं पडत होतं. म्हणजे चूक ऑपरेटरची नव्हतीच, कास्टिंगमध्येच काहीतरी बदललं होतं. वेळेवर कळलं असतं तर ओतणाऱ्याशी एका फोनचं काम होतं. पेटी मला ते सांगणार होती, मी तिचं तोंड बंद करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्या ऑपरेटरची माफी मागितली. बोलले होते सगळ्यांसमोर, मग माफी केबिनमध्ये बोलावून कशी मागणार? आणि ठरवलं, की पेटीत टाकलेल्या जॉबबद्दल कुणालाही एक शब्द ऐकावा लागणार नाही. रोज सकाळी, चहाच्या आधी, दहा मिनिटं पेटीभोवती उभं राहायचं. ज्यानं जॉब टाकला त्यानं तो हातात घेऊन सांगायचं. सुरुवातीला कुणी तोंड उघडेना. मीच जॉब उचलायचे, मीच विचारायचे, सगळे जमिनीकडं बघायचे. लोकांना विश्वास बसायला आठेक महिने लागले.

आता तुम्ही म्हणाल, हे तर क्वालिटीचं झालं, धंदा बदलण्याचा याच्याशी काय संबंध? तोच तर सांगते.

आमचा तेव्हाचा माल म्हणजे विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपाचे, मोटर आणि पंप एकत्र असलेल्या, बिडाचे इम्पेलर. 2016 मध्ये मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर निम्म्यावर आली. मला धक्का बसला. आमच्या टेम्पोच्या ड्रायव्हरला मात्र काहीच वाटलं नाही. तो म्हणाला, "वहिनी, चार महिने झाले, त्यांच्या आवारात स्टीलच्या नळकांड्यांचे आणि प्लॅस्टिकच्या इम्पेलरचे खोके उतरतायत. मोनोब्लॉकचा कोपरा रिकामाच असतो." पाणी खोल गेलं, विहिरीची बोअर झाली, बोअरमध्ये सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटर, उतरली. सबमर्सिबलचे इम्पेलर बहुतेक स्टीलच्या पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे. हे मला पेपरात वाचून ठाऊक होतं, पण आमच्या दारापर्यंत आलंय हे ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "मला कोण विचारतंय? मी आपला माल उतरवतो आन् चलनावर सही घेतो."

त्या दिवसापासून ड्रायव्हर आणि वॉचमनही पेटीभोवती उभे राहतात. कुणाच्या आवारात काय दिसलं, कुणाचा ट्रक किती वेळ थांबला, एवढंच सांगायचं. आम्ही सबमर्सिबल मोटरच्या बेअरिंग हाउसिंगकडं, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या घराकडं, वळलो ते ड्रायव्हरच्याच सांगण्यावरून. त्या मोटरींना बिडाचं हाउसिंग लागतं, हे त्यानंच बघून ठेवलं होतं.

आणखी एक गोष्ट, सगळ्यात अवघड. एका ऑपरेटरनं मशीनवर दोन हाउसिंग एकदम धरणारं फिक्स्चर, म्हणजे पकड, वहीत काढून ठेवलं होतं. वर्षभर दाखवलं नाही. का? काम लवकर उरकलं तर ओव्हरटाइम जाणार. ओव्हरटाइमच्या पैशावर त्याच्या मुलीची फी भरली जात होती. सांगा, त्यानं का दाखवावं? बदलाला माणसं विरोध करतात असं आपण सर्रास म्हणतो. माझ्या अनुभवात माणूस हिशेब करतो, आणि त्याचा हिशेब बहुतेक वेळा बरोबर असतो. आम्ही लिहून दिलं, की कुणाच्या सूचनेमुळं वेळ वाचला तर त्याची आणि त्याच्या जोडीदाराची महिन्याची कमाई वर्षभर घटणार नाही, आणि वाचलेल्या पैशातला हिस्सा त्याला मिळेल. पहिल्या वर्षी ते जड गेलं. तरी दिलं. पुण्याहून माणूस बोलावून दिवसभराचं शिबिर घ्यायचं, भिंतीवर कायझेनचे, म्हणजे रोज थोडी सुधारणा करायच्या जपानी पद्धतीचे, तक्ते लावायचे आणि ओव्हरटाइमचा विषय काढायचाच नाही, असं मी खूप ठिकाणी बघितलंय. त्या तक्त्यांवर धूळ बसते.

आप्पांशी माझं खरं भांडण झालं ते रिकाम्या मशीनवरून. आठवड्यातले दोन दिवस एका सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, ऑर्डरचा माल लावायचा नाही, फक्त प्रयोग करायचे, असं मी म्हणत होते. आप्पांचं म्हणणं, "मशीन उभं म्हणजे बँकेचं व्याज चालू." चूक नव्हतं ते. मी त्यांना किर्लोस्करवाडीचीच आठवण करून दिली, कारण त्यांनी उमेदवारी तिकडच्याच एका वर्कशॉपमध्ये केली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. तिथून कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी लोकांची समजूत होती, पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. 1910 मध्ये औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाचा माळ दिला, तिथं कारखाना उभा राहिला, तीच किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या जुन्या तोफा दिल्या, त्या वितळवून नांगर ओतले. नांगरानंतर उसाचे चरक आले, पंप आले. प्रत्येक वेळी आधीचा माल खपत असतानाच पुढच्याची जुळवाजुळव चालू होती. आप्पा म्हणाले, "ती मोठी माणसं." मी म्हटलं, "सायकली विकत होते तेव्हा नव्हती." दोन दिवस अबोला होता. मग आप्पा म्हणाले, "सहा महिने बघू."

त्या सहा महिन्यांत सोलर पॅनेलचे क्लॅम्प करायचा प्रयत्न पूर्ण फसला. जवळजवळ सव्वा लाख गेले. ज्या पोरानं तो प्रयोग चालवला, तो आज आमचा सुपरवायझर आहे. त्याला मी वर घेतलं ते फसल्यानंतर तीन महिन्यांनी, मुद्दाम. सगळ्या शेडचं त्याच्याकडं लक्ष होतं.

मात्र बदल म्हणजे हाताशी असलेलं सगळं सोडणं, असं समजू नका. मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन बघा. ही मूळची शिकलगारांची घराणी, शस्त्रं करणारी, त्यांना धार लावणारी. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी गेली आणि 19 व्या शतकात फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडं वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी तिथं एका म्हाताऱ्या कारागिराला जवारी काढताना, म्हणजे तारेचा आवाज खुलवताना, बघितलंय. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस अगदी हलकी फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा कानस. तार घासून घोडीला खाचा पडतात, आवाज बसतो, म्हणून हेच काम परत परत करावं लागतं. तलवारीच्या पात्यावर फिरणारा हातच तिथं फिरत होता. आमच्या माणसांचा हात भागातल्या भोकाचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत धरतो. इम्पेलर गेला, हाउसिंग आलं, पण तो हात आम्ही सोडला नाही. क्लॅम्प फसले त्याचं एक कारण मला हेच वाटतं. त्या कामात आमच्या हाताची गरजच नव्हती, पत्रा वाकवणारा कुणीही ते आमच्यापेक्षा स्वस्तात करत होता.

परवाचीच गोष्ट सांगते. सौरपंपाच्या मोटरसाठी एक हाउसिंग आम्ही दोन वर्षांपूर्वी करायला घेतलं. ते माझं स्वतःचं डोकं, माझा जीव आहे त्याच्यावर. सकाळी पेटीभोवती उभे होतो. पेटीत त्यातला एकही जॉब नव्हता. तरी सुपरवायझर म्हणाला, "वहिनी, जरा स्पष्ट बोलू का? ह्या जॉबला इन्सर्ट, कापायची पाती, जास्त लागतात, दोन मशीनं अडकतात आणि गिऱ्हाईक दर तिमाहीला भाव पाडतंय. आपण तुमच्यासाठी चालवतोय हे." सगळे माझ्याकडं बघत होते. माझे कान तापले होते. "आकडे आहेत का?" एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, वहीत आहेत.

सोमवारी आम्ही दोघं ती वही घेऊन बसणार आहोत. आप्पांनाही बोलावलंय.