टाका मारला होता, तडा त्याच्या शेजारून गेला

बीएमडब्ल्यूची जुनी एम३, ई४६ म्हणतात ती, २००० ते २००६ मधे बनलेली, आमच्या गॅरेजला आली की मी बॉनेट उघडत नाही. इंजिन भारीच आहे, ३.२ लिटर, सरळ सहा सिलिंडर, ३४३ हॉर्सपॉवर, आठ हजार आरपीएमपर्यंत गातं, लोक त्याच्यावर जीव टाकतात आणि टाकावाच. पण मी टॉर्च घेऊन मागच्या दोन चाकांच्या मधे जातो, जिथे मागची सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन पेलणारी लोखंडी चौकट, बॉडीच्या पत्र्याला चार ठिकाणी धरलेली असते. या गाडीची दुखरी जागा ती, तिथला पत्रा तडकतो, ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना हे माहीत असतंच.

मी इंग्लंडमधे काम करतो, वेस्ट मिडलंड्समधे, डिप्लोमा सांगलीचा. गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ अशीच एक एम३ घेऊन आले, तक्रार एवढीच की क्लच सोडला की मागून ठक्क आवाज येतो. गाडी घेताना त्यांना कागद दाखवलेला की सबफ्रेमचं काम आधीच झालंय, त्यामुळे बुश, म्हणजे माउंटमधली रबरी गादी, गेला असेल, बुश बदलून द्या म्हणाले.

लिफ्टवर घेतली तर खाली सगळीकडे जाडजूड काळं अंडरसील, गंज लागू नये म्हणून मारतात तो लेप, आणि ते बाकीच्या गाडीपेक्षा नवं दिसत होतं. मला अशा ठिकाणी नवं अंडरसील दिसलं की शंका येते. मागच्या डाव्या माउंटभोवती, म्हणजे सबफ्रेम धरणाऱ्या जागेभोवती, स्क्रॅपरने खरवडलं, वायर ब्रश मारला, तर खाली वेल्डिंगचा टाका, ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलेला, दिसायला सुरेख. आणि त्या टाक्याच्या टोकापासून केसासारखी रेष निघून पत्र्यात पुढे गेलेली.

तडे दाखवणारं डाय पेनिट्रंट मारलं. लाल रंग फवारायचा, आत मुरायला दहा-पंधरा मिनिटं द्यायची, पुसून घ्यायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा, मग जिथे फट असेल तिथून लाल परत वर येतो. डोळ्याला एक रेष दिसत होती, पांढऱ्यावर तीन उमटल्या. मग बूटमधलं, म्हणजे डिकीतलं, कार्पेट काढलं, बॅटरी तिथेच असते ती सोडली, फ्लोअरचा थोडा भाग कापून आत बघितलं तर वरच्या बाजूला पत्रा चेसिसच्या लेगला, म्हणजे बॉडीच्या लांब मजबूत तुळईला, जोडणारे स्पॉट वेल्ड एकामागोमाग सुटलेले. खालून कितीही वेळ बघितलं असतं तरी हे दिसलं नसतं.

मालकांना बोलावून घेतलं. ते म्हणाले वेल्डिंग केलेलं असताना तुटलं कसं, मग वेल्डिंग खराब होतं का? मी त्यांना खरं सांगितलं की टाका चांगला आहे, ज्याने मारला त्याचा हात बरा आहे, पण त्याने फक्त तडा बुजवलाय, तडा का गेला हे बघितलंच नाही.

हे मला नीट सांगावंसं वाटतं कारण इथेच पैसे वाया जातात. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३६५ न्यूटन मीटर. पहिला गियर तो ४.२३ पट करतो आणि डिफरन्शियल, मागच्या चाकांच्या मधली गियरपेटी, आणखी ३.६२ पट, म्हणजे दणकून गाडी उचलली की मागच्या ॲक्सलला साडेपाच हजार न्यूटन मीटरच्या आसपास जातो. चाकं पुढे ढकलायची तर डिफरन्शियल उलट्या बाजूला फिरू बघतं, त्याचं नाक वर उचललं जातं, आणि ते बसलंय सबफ्रेममधे, म्हणजे पुढची माउंट वर दाबली जातात आणि मागची खाली ओढली जातात. वरून प्रॉपशाफ्टचा, म्हणजे इंजिनाकडून मागे येणाऱ्या दांड्याचा, पीळ वेगळाच, तो सबफ्रेमला आडवा मुरगळतो. ॲक्सिलरेटर सोडला की सगळं उलटं. गाडी चालते तोवर हे चालूच, आणि हे सगळं पेलतो कोण, तर जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा आणि काही स्पॉट. बुशचं रबर म्हातारं झालं की दाब हळू येत नाही, आदळतो.

डिप्लोमाला वोलरचा आलेख होता, १९ व्या शतकातला जर्मन इंजिनियर, रेल्वेचे ॲक्सल का मोडतात ते शोधत होता, त्याने दाखवलं की एका झटक्यात न तुटणारं लोखंड छोट्या छोट्या भाराने लाखो वेळा उलटसुलट ओढलं की तुटतं. तेव्हा पाठ करून पेपर लिहिला, समजलं ते अशा पत्र्यांखाली उभं राहून. नुसता टाका मारला की तेवढी जागा कडक होते, बाजूचा पत्रा तसाच लवचिक आणि थकलेला, शिवाय वेल्डिंगच्या आचेने कडेची धातू बदललेली, मग पुढचा तडा बरोबर कडेने जातो, विरलेल्या कापडाला जाड ठिगळ लावलं की कापड शिवणीपाशी फाटतं तसा. म्हणून भाराला दुसरीकडे जायला वाट करून द्यावी लागते.

मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. खर्च मोठा होता, आणि एमओटी टेस्टमधे, म्हणजे इथल्या गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, सस्पेन्शनच्या माउंटपासून ३० सेंटिमीटरच्या आत बॉडी कमजोर असेल तर गाडी फेल, म्हणजे असंच चालवत राहणं शक्यच नव्हतं. त्यांनी विचारलं, तुमची असती तर? मी म्हटलं, पूर्ण काम केलं असतं नाहीतर रस्त्यावर आणली नसती. ते हो म्हणाले.

मग एक्झॉस्ट, प्रॉपशाफ्ट, डिफरन्शियल, सबफ्रेम, पेट्रोलची टाकी, सगळं खाली. टाकी असताना तिथे वेल्डिंग करायचं कोणी मनातही आणू नये. वेल्डिंग करतो आमच्याकडचा एक वेल्श माणूस, साठी उलटलेला, फार कमी बोलतो. पेनिट्रंटचा एक थेंब राहिला तरी टाक्यात बुडबुडे होतात, म्हणून त्याने पत्रा पुन्हा पुन्हा पुसून घेतला. प्रत्येक तड्याच्या टोकाला, म्हणजे दिसतं त्याच्या किंचित पुढे, तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, कारण अणकुचीदार टोकावर ताण साठतो, गोल भोकाला तो पसरतो. मग तडे भरले, पण सलग नाही, इथे थोडं तिथे थोडं, मधे थंड होऊ द्यायचं, नाहीतर पातळ पत्रा वाकतो आणि सबफ्रेमचे बोल्ट जागेवर येत नाहीत.

त्यानंतर खऱ्या कामाला सुरुवात. खालून चारही माउंटना दोन मिलिमीटरच्या प्लेटी, कोपरे गोल केलेल्या, आणि मुद्दाम इतक्या मोठ्या की कड थकलेल्या भागाच्या बाहेर चांगल्या पत्र्यावर पडेल. तडा नसलेल्या माउंटनाही लावल्या, कारण एक बाजू कडक केली की दुसरी जास्त सोसते. वरून बूटच्या आत मागच्या माउंटपासून थेट चेसिसच्या लेगपर्यंत जाणारी चौकट वेल्ड केली. माझ्या मते खालच्या प्लेटींपेक्षा ही महत्त्वाची, पण बाहेरून दिसत नाही म्हणून लोक हिच्यावरच पैसे वाचवतात.

एपॉक्सी प्राइमर, सीम सीलर, पोकळीत वॅक्स. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते शिवणीत शिरलं की सगळी मेहनत गंजून जाते. अंडरसील मी पातळच मारायला लावलं, म्हणजे उद्या तडा गेला तर दिसेल. बुश नवे, रबरचेच, मालकांना पॉलियुरेथेनचे, रबरापेक्षा कडक, हवे होते पण रोजच्या गाडीला मी रबर सुचवतो, ते धक्का थोडा स्वतः खातं. शेवटी व्हील अलाइनमेंट.

ठक्क आवाज गेला. घेऊन जाताना त्यांनी विचारलं की उन्हाळ्यात ट्रॅकवर नेली तर चालेल का. मी म्हटलं न्या, गाडी त्यासाठीच बनलीय, फक्त क्लच दणकन सोडून उचलू नका, आणि परत आलात की दोन्ही बाजूंनी बघायला माझ्याकडे आणा, खालूनही आणि कार्पेट काढून वरूनही.