आमची वाटचाल : वजनाची दांडी आणि चार मिलिमीटर

नागपुरात बर्डीच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांची यंत्रं दुरुस्त करायला सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ. तो कामं आणायचा, मी स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा तपासायचा सूक्ष्मदर्शक, उघडायचो. धंतोली, रामदासपेठ तर पायाखालचे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीला मात्र एसटीने जायचं, बॅग मांडीवर घेऊन, कारण टोनोमीटर, म्हणजे काचबिंदूसाठी डोळ्यातलं प्रेशर मोजायचं यंत्र, टपावर टाकला की संपला. उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यात लेन्सवर धरणारी बुरशी, या दोघींनी आम्हाला सुरुवातीची वर्षं पोसलं.

माझा जीव मात्र ॲप्लानेशनमध्येच, म्हणजे बुबुळ सपाट करून प्रेशर मोजण्यातच, अडकलेला. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या गोल्डमान डॉक्टरांनी 1950 च्या दशकात केलेली रचना अजून मोडीत निघाली नाही. बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, 3.06 मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट व्हायला किती जोर लागतो, एवढंच ती मोजते. त्या आकाराला बुबुळाचा ताठपणा आणि अश्रूंची ओढ एकमेकांना जवळजवळ फेडून टाकतात, आणि ड्रमवरचा, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चकतीवरचा, एक ग्रॅम म्हणजे पाऱ्याचे दहा मिलिमीटर. इतका स्वच्छ हिशेब मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिला नाही. पेटीत तपासणीसाठी वजनाची दांडी येते. खुणा शून्य, दोन आणि सहा. दोनवर बसवली की भुजा ड्रमच्या 1.95 ते 2.05 मध्येच डुलली पाहिजे. म्हणजे अर्धा मिलिमीटर इकडे किंवा तिकडे, बस. मी गेलो त्यातल्या निम्म्या दवाखान्यांत ही दांडी पेटीतून कधी निघालेलीच नव्हती.

एका मोठ्या रुग्णालयाची एएमसी, म्हणजे यंत्रांच्या देखभालीचा वार्षिक करार, आमच्याकडे होती. नाव घेत नाही. आमचं निम्मं घर त्यावर चालायचं. एका तपासणीत तिथल्या चार टोनोमीटरची भुजा दोनच्या खुणेवर 1.6 लाच हलली. म्हणजे 24 प्रेशरचा माणूस 20 दाखवून घरी जाणार. 21 च्या आत, म्हणजे नॉर्मल, म्हणून त्याच्या फाईलवर बरोबरची खूण होणार, आणि काचबिंदूने डोळ्याची नस आतल्या आत वाळत राहणार. मी आकड्यांसह रिपोर्ट लिहिला. व्यवस्थापकांनी बोलावून विचारलं, "एवढं कागदावर कशाला? गुपचूप नीट करून द्यायचं ना." मी रिपोर्ट बदलला नाही. पुढच्याच महिन्यात एएमसी दुसऱ्या एका फर्मला गेली, आमच्या निम्म्या दरात. त्यांचा माणूस सकाळी यायचा, यंत्रांवर 'कॅलिब्रेटेड' चे स्टिकर चिकटवायचा आणि चहाच्या वेळेआधी निघून जायचा. एका सिस्टरने मला सांगितलं, दांडीची पेटी त्याने मागितलीसुद्धा नाही. आमचं अकरा महिन्यांचं बिल अडकलं. बाजारात बोलवा झाली की आम्ही यंत्रं बिघडवतो आणि मग दुरुस्तीचे पैसे मागतो. मावसभाऊ म्हणाला, "दादा, माझ्या घरी दोन लेकरं आहेत," आणि गेला. त्याचा राग नाही. त्या स्टिकरवाल्याचा आहे, आजही आहे.

त्या दिवाळीत मी सुटे बल्ब, प्रिझम, हनुवटीचे स्टँड, सगळा माल विकायला काढला होता. तेव्हा महाल भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. आमच्या पहिल्या ग्राहक. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या स्वतः दांडी लावून आकडे वहीत लिहायच्या. म्हणाल्या, "भाऊ, वर्षाचे पैसे आधी घेऊन जा. आणि जरा बसा." अंधाऱ्या खोलीत त्यांनी मला गोनिओस्कोपी दाखवली. बुबुळ आणि आयरिस, म्हणजे त्यामागचा रंगीत पडदा, यांमधला कोन आरशातून बघायचा. अंधार हवा, प्रकाशाचा झोत छोटा हवा, नाहीतर बाहुली आकसते आणि बंद कोनसुद्धा उघडा दिसतो. कोन बंद असेल तर लेझरने आयरिसला छिद्र. उघडा असेल तर थेंब किंवा लेझर. त्याने भागलं नाही तर ट्रॅब, म्हणजे पाणी बाहेर पडायला नवी वाट. त्या कोन बघितल्याशिवाय थेंब लिहीत नसत. प्रेशर नॉर्मल असलं तरी डिस्कचा कप, म्हणजे नसेच्या तोंडावरचा खड्डा, बघत, फील्ड, म्हणजे नजरेच्या परिघाची तपासणी, करत, आणि पहिलं फील्ड बिघडलेलं आलं तर पुन्हा करत, कारण पहिल्या खेपेला पेशंट बटण दाबायलाच शिकत असतो. जाड बुबुळावर आकडा जास्त येतो आणि पातळ बुबुळावर कमी, म्हणून जाडीही मोजत. त्यांनीच मला स्वीडनच्या अर्ली मॅनिफेस्ट ग्लॉकोमा (काचबिंदू) ट्रायलचा निष्कर्ष सांगितला : प्रेशर एक मिलिमीटर उतरलं की आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे 10 टक्क्यांनी घटतो. "एका मिलिमीटरचं एवढं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही तर चारबद्दल भांडलात." त्या संध्याकाळी घरी जाऊन मी विकायला काढलेला माल परत फळीवर लावला.

नंतरची बारा-तेरा वर्षं बरी गेली. दोन मुलं हाताशी आली, गाडी घेतली, चंद्रपूर-यवतमाळची कामं वाढली.

डॉक्टरसाहेबांना विनंती : टोनोमीटरचा डोळ्याला टेकणारा प्रिझम स्पिरिटमध्ये बुडवून ठेवू नका, तडे जातात. निर्जंतुक केल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा, नाहीतर उरलेल्या औषधाने पेशंटचं बुबुळ भाजेल. हवेच्या झोताचं यंत्र छाननीला ठीक. काचबिंदूचे उपचार बदलताना ॲप्लानेशनच घ्या. आणि पेशंटच्या घरच्यांना, ज्यांनी मला विचारलेलं नाही : आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर चाळिशीची वाट बघू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणू नका, त्याने प्रेशर चढतं. दम्याच्या माणसाने काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब सुरू होण्याआधी डॉक्टरांना दमा सांगावा. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. दुखत नाही म्हणून थेंब थांबवू नका. हा आजार बहुतेकांना दुखतच नाही.

मॅडमनी आता दवाखाना बंद केला. त्यांच्या सोमवारच्या वह्या आणि जुना शिऑट्झ, म्हणजे वजनं ठेवून प्रेशर मोजायचा टोनोमीटर, त्यांनी मला दिला, साडेपाच, साडेसात आणि दहा ग्रॅमच्या वजनांसकट.

मागच्या वर्षी त्या मोठ्या रुग्णालयातून नव्या डॉक्टरबाईंनी बोलावलं. चारही टोनोमीटर तेच, त्यावर स्टिकरवर स्टिकर. मी दांडी लावली, त्यांना भुजा हलताना दाखवली, आणि रिपोर्ट लिहिला, आकड्यांसह. या वेळचे पैसे आठ दिवसांत आले. ते अकरा महिन्यांचं बिल अजून बाकी आहे.