न्हाणीघराचं प्लंबिंग, आठवडा तिसरा: काटा काही थांबेना

मागच्या नोंदीपर्यंत भिंतीत झिरी मारून झाल्या होत्या. या आठवड्यात पाइप बसले आणि पहिल्याच प्रेशर टेस्टला (पाइपात दाबाने पाणी भरून गळती तपासतात ती) माझा तोरा उतरला. त्यामुळे ही नोंद जास्त करून त्या टेस्टचीच.

पाइप गरम-गार दोन्हीकडे सीपीव्हीसीच घेतला, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप. गार लाइनला साधा यूपीव्हीसी चालला असता, पण दोन जातींची फिटिंग्ज आणि दोन वेगळी सॉल्व्हंट (जोड चिकटवायची द्रावणं) सांभाळताना मी नक्की घोळ घातला असता. सीपीव्हीसीला ९३ अंशांपर्यंतचं पाणी सोसतं, गीझर त्याच्या बराच खाली थांबतो. मुख्य लाइन पाऊण इंची, नळांकडे जाणारे फाटे अर्धा इंची. गरम लाइन मात्र खाचेत घट्ट ठोकून बसवू नका. हा पाइप तापला की लांबतो. तीन मीटरचा तुकडा ४० अंशांनी तापला तर साधारण ८ मिलिमीटर. म्हणून वळणांपाशी खाच बोटभर जास्त रुंद केली आणि पाइपावर फोमची नळी चढवली.

डायव्हर्टरने, म्हणजे पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणाऱ्या भिंतीतल्या व्हॉल्व्हने, अख्खी एक सकाळ खाल्ली. त्याच्या बॉडीवरच्या प्लास्टिकच्या टोपीवर दोन खुणा असतात, टाइलचा पृष्ठभाग त्या दोहोंच्या मधे यायला हवा. आत्ता समोर नुसती विटांची भिंत, मग टाइल कुठे येणार हे कळायचं कसं? मी गिलाव्याच्या जाडीची लाकडी पट्टी, तिच्यावर चिकट मसाल्यासाठी पुठ्ठ्याचे तुकडे आणि वर फुटक्या टाइलचा कपचा, असा सगळा थर भिंतीला धरून पाहिला. बॉडी तब्बल एक सेंटिमीटर आत गेली होती. तशीच बुजवली असती तर पुढे हँडल बसवताना कपाळाला हात लावायची वेळ आली असती.

आता टेस्ट. शेवटचा जोड चिकटवल्यावर पूर्ण २४ तास थांबलो. गीझरची दोन तोंडं एका लवचिक नळीने जोडली, म्हणजे गरम आणि गार लाइन एकाच फटक्यात तपासून होतात. बाकी तोंडांना टेफ्लॉन गुंडाळून प्लग लावले. खालून पाणी भरलं, सगळ्यात वरचा प्लग सैल करून हवा जाऊ दिली. हवा अडकली तर पंपावरच्या दाबमापकाचा काटा काय सांगतोय त्याला अर्थच उरत नाही. आणि पाण्याऐवजी कॉम्प्रेसरची हवा भरून टेस्ट करायचं कुणाच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका. दाबलेल्या हवेने प्लास्टिकचा पाइप फुटला तर त्याचे तुकडे उडतात.

हातपंपाने दाब १० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) नेला. वापरातला दाब याच्या जवळपासही नसतो, टाकी दहा मीटर उंच असेल तर नळाला जेमतेम १ बार मिळतो. सुरुवातीला पाइप थोडा ताणतो, म्हणून एकदा परत पंप मारून मग घड्याळ लावलं. वीस मिनिटांत काटा ९ वर. अर्ध्या तासाने ८ च्या खाली.

आधी संशय पंपाच्या नळीवर घेतला (दुसऱ्याच्या वस्तूवर संशय घेणं सोपं जातं). ती उघडून नव्याने टेप गुंडाळली, फरक शून्य. मग टिश्यू पेपरच्या पट्ट्या केल्या आणि एकूण एक जोडाला एकेक बांधली. डोळ्यांना कुठे ओल दिसत नव्हती. पंधरा मिनिटांनी बेसिनमागच्या एल्बोची (पाइप काटकोनात वळवणाऱ्या जोडाची) पट्टी खालच्या कडेला करडी पडली. एवढीशीच, नखाएवढी.

टॉर्च मारून पाहिलं तर माझीच पेन्सिलची रेघ सॉकेटच्या (एल्बोच्या ज्या तोंडात पाइप शिरतो त्याच्या) बाहेर, चांगली ६ मिलिमीटर. चिकटवण्याआधी पाइप कोरडा बसवून मी प्रत्येक ठिकाणी खोलीची रेघ ओढतो. सॉल्व्हंट लावून पाव फेरा फिरवत पाइप रेघेपर्यंत सारायचा आणि तीस सेकंद दाबून धरायचा, कारण सॉकेट आतून निमुळता असतो आणि ओलं सॉल्व्हंट पाइपाला हळूच मागे ढकलतं. नेमका या जोडाला दारावरची बेल वाजली होती. मी हात सोडून उठलो होतो, तेही आठवलं.

चिकटलेला एल्बो सुटत नाही, कापावाच लागतो. म्हणजे एका एल्बोपायी नवा एल्बो, पाइपाचे दोन तुकडे, दोन कपलर (दोन पाइप सरळ जोडणारी फिटिंग्ज) आणि चार नवे जोड जास्तीचे. शिवाय दोन्ही बाजूंनी जखडलेल्या पाइपात शेवटचा कपलर सरकवायचा कसा, हा वेगळाच वैताग. शेजारचे तीन क्लॅम्प काढले, तेव्हा कुठे पाइप जरा वाकवता आला आणि तुकडा आत गेला. या खेपेला तीस नाही, साठपर्यंत मोजलं. बेल वाजलीच, पण दार धाकट्याने उघडलं.

पुन्हा २४ तास, पुन्हा १० बार. तासाभरात काटा केसभरही हलला नाही. धाकट्याने तर काट्याच्या रेषेत काचेवर मार्करने रेघ मारून ठेवली होती. पंप मागून आणलाय, आता परत देताना ती पुसावी लागेल.

गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढला, मेजरटेप जमिनीपासून उभा धरून, म्हणजे पुढे आरशासाठी ड्रिल मारताना पाइप कुठे आहे ते कळेल. पुढच्या नोंदीत नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जिथून बाहेर जातं ते भांडं) आणि सांडपाण्याचा उतार. मीटरला २० मिलिमीटर धरलाय, पण दारापाशी उंची कमी पडतेय असं दिसतंय.