वहीत खुर्चीचा रकानाच नव्हता

मी एका वृद्धसेवा केंद्रात सिस्टर इनचार्ज आहे. मागे तीन महिन्यांत आमच्याकडे चौघांना नव्याने बेडसोअर झाले, म्हणजे एकाच जागी सतत भार पडून होणाऱ्या जखमा. चौथ्या वेळी आजींचा मुलगा म्हणाला, "सिस्टर, घरी जमत नव्हतं म्हणून तुमच्या भरवशावर ठेवलं." मला मान वर करवेना.

माझा पहिला संशय रात्रपाळीवर. कूस बदलल्याची वही उघडली, तर दर दोन तासांची नोंद जागच्या जागी, पण सगळी एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेली. मी मावशींना बोलावून रागावले. फार चुकलं माझं. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "कूस आम्ही बदलतो, लिहायला तेवढी सकाळ होते. पण आजींची जखम कुठंय ते बघितलंत का?"

मी जाऊन पुन्हा बघितलं. जखम माकडहाडावर नव्हती, टाचेवरही नव्हती. बसल्यावर ज्या हाडावर भार येतो, नेमकी तिथे होती. आजी सकाळी साडेनऊला खुर्चीत बसायच्या, दुपारी तिथेच पेंगायच्या आणि साडेतीनला पलंगावर जायच्या. सहा तास एकाच जागी! बसल्यावर शरीराचा भार झोपल्यापेक्षा कितीतरी कमी जागेवर येतो, हे मी शिकताना वाचलेलं. तरी आमच्या वहीत खुर्चीचा रकानाच नव्हता. माणूस खुर्चीत बसलाय म्हणजे त्याचं बरं चाललंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग आम्ही बेडसोअरचा धोका मोजणारी ब्रेडन मोजपट्टी वापरायला घेतली. १९८७ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत संवेदना, त्वचेचा ओलसरपणा, हालचाल असे सहा मुद्दे तपासते. गुण ६ ते २३, आणि जितके कमी तितका धोका जास्त; १८ किंवा त्याखाली आले की सावध व्हायचं. आजींचे १३ आले. हे आम्ही त्या आल्या त्याच दिवशी काढायला हवे होते.

सगळ्या केंद्रात एकदम बदल करायचा नाही, हे मी हट्टाने ठरवलं. एकच वॉर्ड, एकच आठवडा. खुर्चीतल्या प्रत्येकाला तासाभराने उठवायचं, नाहीतर निदान भार बदलून द्यायचा. दोनच दिवसांत कळलं की मावशींचा अर्धा वेळ उशा आणि चादरी शोधण्यात जातो, कारण कपाट पार दुसऱ्या टोकाला. ते वॉर्डात आणलं. वही टेबलावरून काढून प्रत्येकाच्या पायथ्याशी कागद लावला, म्हणजे कूस बदलली की तिथल्या तिथे खूण. एका कुशीवर पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांत कलतं ठेवायला सगळ्यांना हाताने करून दाखवलं.

नातेवाइकांना समजावणं मात्र जड गेलं. कुणी मायेने भोक असलेली गोल गादी आणतात, कुणी लाल झालेली जागा चोळून देतात. दोन्हींनी नुकसान होतं: गादीच्या कडेने रक्तपुरवठा दबतो, चोळल्याने आतली नाजूक ऊती दुखावते. त्यापेक्षा बोटाने दाबून बघा, असं मी सांगते. बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढरी झाली नाही, लालच राहिली, तर लगेच आम्हाला हाक मारा. सावळ्या रंगावर लाली सहज दिसत नाही. तिथे ऊब, कडकपणा, दुखरेपणा हातालाच कळतो.

ड्यूटी रूममध्ये 'शेवटच्या नव्या जखमेला किती दिवस झाले' असा फळा लावला. आकडा वाढता ठेवायला कुणी जखम लपवेल, ही भीती मला होती. म्हणून लाल जागा वेळेत दाखवणाऱ्याचं नाव पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये सगळ्यांसमोर घ्यायची पद्धत पाडली. त्या जुन्या मावशींची मी तिथेच, सगळ्यांदेखत माफी मागितली.

आजींची जखम भरायला अकरा आठवडे लागले. मुलगा आता येतो तेव्हा घड्याळ बघून आईला स्वतःच उठवतो.

गेल्या महिन्यात फळा पुन्हा शून्यावर आला. एका काकांची टाच. पण ती जुन्या मावशींनीच पहाटे चारला मला उठवून दाखवली, कातडी शाबूत असताना. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवली. पाचव्या दिवशी लाली गेली.