चेंज रिपोर्ट लांबवू नका

मी अमळनेरात राहून संस्थांचं दप्तर सांभाळते. वसतिगृहं, वाचनालयं, महिला मंडळं. सातपुड्याच्या पाड्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे कष्ट मी पाहिलेत, म्हणून कळकळीने लिहितेय.

अध्यक्ष वारले की आपण शोकसभा घेतो, फोटोला हार घालतो, नवे अध्यक्ष निवडतो. धर्मादाय कार्यालयाला कळवायचं तेवढं राहून जातं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. यालाच चेंज रिपोर्ट म्हणतात. यावलकडच्या एका वसतिगृहाला छताच्या दुरुस्तीसाठी देणगी मिळणार होती. देणगीदाराने परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा मागितला. त्यावरचे निम्मे विश्वस्त हयातच नव्हते. पैसे अडले, पावसाळा लागला आणि मुली एकाच खोलीत दाटीवाटीने राहिल्या. मला राग येतो तो याचाच. कागदाची झळ शेवटी पोरींना बसते.

मागची निवड धर्मादाय कार्यालयात मंजूर नसेल तर पुढच्या निवडीवरही हरकत येते, आणि हरकत बहुतेक वेळा सभेच्या नोटिशीवर असते. सगळ्या सभासदांना पोचली का? संस्थेच्या घटनेत लिहिलेल्या मुदतीत? पुरावा काय? प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, उघडलं की ठरावाखाली चार ओळी कोऱ्या आणि सह्या सगळ्या एकाच दिवशी, एकाच पेनाने केलेल्या दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ताई, आपलं घरनंच काम शे, सह्या नंतर करसूत." तसं नको. सभा संपताच सह्या घ्या, कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारा, पोस्टाच्या पावत्या तिथेच चिकटवा.

हिशेबाचंही तसंच. ३१ मार्चला वर्ष संपलं की आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत व्हाउचरं ऑडिटरकडे द्या. सप्टेंबरअखेरपर्यंत वेळ आहे म्हणून थांबलात तर पावत्या सापडत नाहीत. आणि संस्थेची जमीन विकायची असेल तर याच कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्या, इसार नंतर.

मुदत उलटून गेली असली तरी घाबरू नका. विलंबमाफीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं जोडा आणि सगळ्यात जुन्या बदलापासून ओळीने दाखल करा. त्या वसतिगृहाचे राहिलेले रिपोर्ट आम्ही याच क्रमाने लावतोय.